खाटेजवळचे विज्ञान

काही वर्षांपूर्वी आमच्या आत्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला. वाचा मात्र शाबूत होती. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्याच एका रुग्णालयात त्यांना ठेवले होते. औषधे वेळेवर मिळत होती. डॉक्टर दिवसातून दोनदा येऊन जात. सातव्या दिवशी चादर बदलताना त्यांच्या माकडहाडावर रुपयाएवढी जखम दिसली. बेडसोअर, म्हणजे शय्याव्रण.

आम्ही केसपेपर मागून घेतला. प्रत्येक पाळीत एकच वाक्य होते : 'प्रकृती स्थिर. सूचनेप्रमाणे औषधे दिली.' रात्रपाळीच्या सिस्टरांशी बोललो. त्या म्हणाल्या, "तिसऱ्या रात्रीच मला तिथे लाली दिसली होती हो. पण तीस पेशंट आणि मी एकटी. सकाळी चार्ज देताना तीन नव्या अ‍ॅडमिशनचं सांगण्यातच वेळ गेला."

आमचा व्यवसाय संशोधनाचा. प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात, की दिसलेली गोष्ट वहीत उतरली नाही तर ती दिसलीच नाही असे समजा. इथे निरीक्षण अचूक झाले होते, वेळेवर झाले होते, आणि करणारी व्यक्ती प्रशिक्षित होती. तरीही त्या निरीक्षणाचे पुढे काही झाले नाही. असे का व्हावे, याचा शोध घेताना आम्हाला शुश्रूषेच्या शास्त्रातली एक पद्धत समजली आणि ती वापरण्यातल्या अडचणीही समजल्या. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुली पुढे नर्सिंगला जातात. म्हणून हा विषय शिक्षकांपुढे मांडावासा वाटला.

पाच पायऱ्या

या पद्धतीला नर्सिंग प्रोसेस किंवा शुश्रूषा-प्रक्रिया म्हणतात. तिच्या पाच पायऱ्या आहेत : माहिती गोळा करणे, शुश्रूषा-निदान, नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन. नावे जड वाटतील. म्हणून एक उदाहरण घेऊ.

समजा, पाटण तालुक्यातल्या डोंगरावरच्या एका वाडीतून सत्तर वर्षांच्या आजी पक्षाघाताने वॉर्डात आल्या आहेत. डॉक्टरांचे निदान आहे पक्षाघात. गिळता येते आहे, हे तपासून झाले आहे. आता सिस्टर आजींजवळ बसतात आणि त्यांना दिसते, की आजींना स्वतःहून कूस बदलता येत नाही. अंथरूण घामाने ओले आहे. आणखी एक गोष्ट विचारल्यावरच कळते. आजी दिवसभरात जेमतेम दोन पेले पाणी पितात, कारण पाणी प्यायले की बेडपॅन मागावे लागते आणि शेजारच्या खाटेजवळ पुरुष नातेवाईक बसलेले असतात. ही झाली माहिती गोळा करण्याची पायरी.

यातून सिस्टर दोन निदाने करतात. हालचाल नसल्यामुळे शय्याव्रणाचा धोका, हे पहिले. संकोचामुळे शरीरात पाणी कमी पडत आहे, हे दुसरे. यांतले एकही निदान डॉक्टरांच्या कागदावर नसते आणि असण्याची अपेक्षाही नाही. डॉक्टर रोगाचे निदान करतात. त्या रोगामुळे माणसापुढे काय अडचण उभी राहिली, याचे निदान परिचारिका करते. त्यानंतर नियोजन : साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, ओली चादर लगेच काढणे, खाटेला पडदा लावणे, संध्याकाळपर्यंत सहा पेले पाणी. मग अंमलबजावणी. आणि शेवटी मूल्यमापन : दुसऱ्या दिवशी त्वचा कशी आहे? पाणी किती गेले? गेले नसेल तर का? पडद्याने काम भागले नसेल तर योजना बदलायची.

निरीक्षण, गृहीतक, प्रयोगाची आखणी, प्रयोग, निष्कर्ष पाहून गृहीतकाची फेरतपासणी. आठवी-नववीला आपण शिकवतो तीच ही वैज्ञानिक पद्धत. फरक एवढाच, की इथे प्रयोगवही एका खाटेची असते आणि प्रयोग चुकला तर माणसाला इजा होते.

ही पद्धत आली कुठून?

शुश्रूषेला निरीक्षणाची आणि आकड्यांची शिस्त लावण्याचे श्रेय फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना दिले जाते. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धाच्या काळात त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच अधिक मरतात, हे त्यांनी पुढे आकडेवारी आणि आकृत्यांच्या साहाय्याने दाखवून दिले. आजच्या स्वरूपातली पायऱ्यांची कल्पना मात्र गेल्या शतकातली. अमेरिकेत लिडिया हॉल यांनी १९५५ मध्ये शुश्रूषा ही एक प्रक्रिया असल्याचे मांडले. आयडा जीन ऑर्लँडो यांचे या विषयावरचे पुस्तक १९६१ मध्ये आले. १९६७ मध्ये युरा आणि वॉल्श यांनी चार पायऱ्या सांगितल्या. निदान ही स्वतंत्र पायरी पुढे १९७० च्या दशकात रूढ झाली.

आपल्या भागाला शुश्रूषेची परंपरा नवी नाही. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उभारले आणि तिथे परिचारिका घडू लागल्या. पाचगणीला १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम काढले. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या वॉनलेसवाडीचे नावही क्षयरोगाच्या उपचारांशीच जोडलेले आहे. स्ट्रेप्टोमायसीन १९४३ मध्ये सापडले. त्याआधी क्षयावर परिणामकारक औषधच नव्हते. विश्रांती, आहार, मोकळी हवा आणि रोजच्या तापाची काटेकोर नोंद, एवढेच हाताशी होते. म्हणजे त्या काळी रोग्याची शुश्रूषा हाच मुख्य उपचार होता.

आज या दोन जिल्ह्यांत साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय, १९६२ पासूनचे मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कराडचे कृष्णा रुग्णालय अशा मोठ्या संस्था आहेत. परिचर्येची महाविद्यालयेही आहेत. त्यांच्या अभ्यासक्रमात शुश्रूषा-प्रक्रिया आहे; विद्यार्थिनी तिच्या पाच पायऱ्यांवर पानेच्या पाने लिहून परीक्षा देतात. मग नोकरीला लागल्यावर वॉर्डात ही पद्धत दिसेनाशी का होते? पुढचे विवेचन कोणा एका रुग्णालयाविषयी नाही. देशभरच्या वॉर्डांत थोड्याफार फरकाने हेच आढळते. साखळीची एकेक कडी तपासत जाऊ.

पहिली कडी : माहिती

माहिती गोळा करायला बोलावे लागते आणि बोलण्याआधी भाषा लागते. मिरजेला कर्नाटकातून कितीतरी रुग्ण येतात. जत तालुक्याच्या काही गावांत घरातली भाषा कन्नड आहे. उसाच्या हंगामात मराठवाड्यातून आलेला तोडणी मजूर आजारी पडतो. त्याची मराठी वेगळ्या वळणाची असते. "पोटात कालवतंय" आणि "पोटात कळ येते" यांतला फरक छापील इंग्रजी फॉर्मवर नोंदवायचा कसा?

दुसरी अडचण मोजण्याची आहे. श्वासाची गती हेच उदाहरण घ्या. रुग्णाची प्रकृती बिघडत असल्याची सूचना श्वासाची गती बऱ्याचदा इतर लक्षणांच्या आधी देते. ती मोजायला घड्याळ पुरते, पण पूर्ण एक मिनिट लागते. शिवाय आपला श्वास कोणी मोजतो आहे हे कळले की तो बदलतो. म्हणून अनुभवी सिस्टर नाडी पाहत असल्यासारखा हात धरून ठेवतात आणि नजर छातीवर ठेवतात. तीस रुग्णांचे श्वास असे मोजायचे तर अर्धा तास हवा. तो नसतो. मग चार्टवर सगळ्यांचा श्वास १८ किंवा २० होतो. जगभरच्या रुग्णालयांत हा दोष आढळला आहे. इंग्लंडमध्ये २०१२ पासून वापरात असलेल्या पूर्वसूचना-गुणांकनात १२ ते २० श्वासांना शून्य गुण आहेत, २१ ते २४ ला दोन आणि २५ किंवा त्याहून जास्तला तीन. गुण जितके जास्त तितका धोका अधिक. अंदाजाने लिहिलेला २० हा आकडा ही धोक्याची घंटा बंदच करून टाकतो.

दुसरी कडी : निदान

शुश्रूषा-निदानाची वाक्ये ठरावीक इंग्रजी साच्यात पाठ करायची असतात. अमेरिकेत १९७३ पासून ती सूचीबद्ध होत आली. ज्या मुलीने बारावीपर्यंत मराठीत विचार केला, तिला आजींचा संकोच कळतो, पण त्याचे इंग्रजी नाव आठवत नाही. न आठवल्यामुळे ती लिहीत नाही.

यापेक्षा मोठी अडचण मानाची आहे. निदान हा शब्द आपल्याकडे डॉक्टरांच्या मालकीचा समजला जातो. सिस्टरने काही सुचवले तर "तुम्ही ऑर्डरप्रमाणे करा" असे उत्तर अनेकींनी ऐकलेले असते. परिचारिकेच्या नोंदी डॉक्टरांनी उघडून वाचल्या, असा प्रसंग फार थोड्या जणींना आठवतो. जे कोणी वाचणार नाही ते नीट लिहिण्याची सवय टिकत नाही. शिवाय एक धास्तीही असते. लाली दिसली असे लिहिले आणि उद्या जखम झाली, तर चौकशीत तोच कागद आपल्यावर उलटेल. 'प्रकृती स्थिर' हे वाक्य त्या मानाने निर्धोक वाटते.

तिसरी आणि चौथी कडी : नियोजन आणि अंमलबजावणी

नियोजनाला बसून विचार करण्याची जागा लागते आणि अंमलबजावणीला हात लागतात. दिवसपाळीतल्या सिस्टरचे किती हात शुश्रूषेला मोकळे असतात? औषधांचे इंडेंट, चादरींची मोजदाद, रक्ताचे नमुने पोचवणे, रिपोर्ट आणवणे, जनआरोग्य योजनेची कागदपत्रे, सफाईवर देखरेख ही कामे आवश्यक आहेत, यात वाद नाही. पण त्यांसाठी तीन-चार वर्षांचे परिचर्येचे शिक्षण लागत नाही.

आता आमच्या आत्यांच्या रात्रीचा हिशेब मांडू. रात्रपाळी बारा तासांची, म्हणजे ७२० मिनिटे. चार्ज घेण्यादेण्यात ३० मिनिटे गेली, उरली ६९०. तीस रुग्ण आणि एक सिस्टर. प्रत्येकाच्या वाट्याला २३ मिनिटे आली. यातच औषधे, इंजेक्शने, सलाईन, बीपी, नवे रुग्ण आणि लिखाण. दर दोन तासांनी कूस बदलायची तर रात्रीत सहा वेळा. एका वेळेला पाच मिनिटे धरली तर ३० मिनिटे, आणि तीही मदतीला दुसरे माणूस असेल तरच. म्हणजे वाट्याला आलेला सगळा वेळ नुसती कूस बदलण्यालाही पुरत नाही. त्या सिस्टरने लाली पाहिली, हेच विशेष म्हणायचे.

पाचवी कडी : मूल्यमापन

काल केलेल्या उपायाचे काय झाले, हे पाहायला कालची सिस्टर आज असावी लागते किंवा कालची नोंद पुरेशी असावी लागते. पाळ्या बदलतात, वॉर्ड बदलतात. कंत्राटी नेमणूक संपली की माणूसही बदलतो. चार्ज देताना खाट क्रमांक, औषधे आणि नवे रुग्ण एवढेच सांगितले जाते. सोमवारी केलेल्या योजनेचा बुधवारी पत्ता नसतो. आपल्या आजींनी पाणी प्यायले की नाही, हा प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही.

संख्येचा प्रश्न

पाचही कड्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते : एका परिचारिकेमागे रुग्ण किती? हा प्रश्न जुना आहे. १९४६ च्या भोर समितीने देशात सुमारे ७,००० परिचारिका असल्याचे नोंदवले होते. म्हणजे सुमारे ४३,००० लोकांमागे एक. तेव्हापासून संख्या कितीतरी पटींनी वाढली, पण वॉर्डातला ताण गेला नाही.

भारतीय परिचर्या परिषदेचे मानक अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात ३ खाटांमागे १ परिचारिका, इतर रुग्णालयांत ५ मागे १, आणि रजेसाठी ३० टक्के राखीव, असे आहे. वाचताना वाटते, की एका सिस्टरकडे तीन किंवा पाच रुग्ण असतील. पण हे प्रमाण एकूण नेमणुकांचे आहे. तीन पाळ्यांत वाटले की प्रत्येक पाळीत एकीकडे ९ रुग्ण येतात आणि त्याच हिशेबाने दुसऱ्या प्रकारात १५. म्हणजे सगळी पदे भरलेली असली आणि कोणी रजेवर नसले, तरी १५. जिथे पदे रिकामी आहेत तिथे काय होत असेल, याचा अंदाज करता येईल.

याचा परिणाम मोजता येतो का? अमेरिकेत लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास केला आणि तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ३० दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. चाराऐवजी आठ रुग्ण असले तर? गणिताच्या शिक्षकांनी चक्रवाढीने काढून पाहावे : १.०७ चा चौथा घात १.३१ येतो. म्हणजे ३१ टक्के. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांतही एका रुग्णामागे ७ टक्क्यांचीच वाढ दिसली. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे ही शक्यता ७ टक्क्यांनी कमी होती.

हे अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरतेच असे नाही, आणि तिथले आकडे आपल्या वॉर्डाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण वेगवेगळ्या देशांत तेच चित्र पुन्हा दिसावे, ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. कॅलिफोर्निया राज्याने तर कायदाच केला. तिथे २००५ पासून सर्वसाधारण वैद्यकीय आणि शस्त्रक्रियेच्या वॉर्डात एका परिचारिकेकडे एका वेळी पाचांहून जास्त रुग्ण देता येत नाहीत.

टाचणाची गोष्ट

शिक्षकांना यातले काही अनोळखी वाटणार नाही. पाठाचे टाचण ही मुळात विचार करण्याची सोय. मुलांना काय येते, कुठे अडते, उद्या काय वेगळे करायचे, हे लिहून काढायचे. साठ मुलांचा वर्ग, जनगणना, निवडणूक आणि शंभर तक्ते पदरात आल्यावर टाचण साहेबांच्या भेटीआधी एका बैठकीत लिहून होते. अक्षर सुंदर असते, पण त्याचा उद्याच्या तासाशी संबंध तुटलेला असतो.

रुग्णालयात हेच होते. गुणवत्तेचे मानांकन मिळवायला प्रत्येक रुग्णाची शुश्रूषा-योजना कागदावर असावी लागते. मग तपासणीच्या आधी छापील फॉर्म भरले जातात, सगळ्या रुग्णांसाठी साधारण सारखेच. कागद पूर्ण होतो आणि आजी तहानलेल्याच राहतात. यात कोणा सिस्टरचा आळस शोधणे म्हणजे टाचणावरून शिक्षकाची पारख करणे.

मग करायचे काय?

मूळ उपाय संख्येचा आहे आणि तो शासन आणि संस्थाचालकांच्या हातात आहे. रिकामी पदे भरणे आणि कारकुनी कामाला कारकून देणे, याला पर्याय नाही. पण तोवर थांबून राहण्याचेही कारण नाही. आहे त्या मनुष्यबळात काही गोष्टी साधतात.

पहिली, सगळ्यांसाठी मोठी योजना लिहिण्याऐवजी धोक्यातले रुग्ण आधी ओळखणे. शय्याव्रणाच्या धोक्यासाठी बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८७ मध्ये एक गुणांकन प्रसिद्ध केले. त्यात संवेदना, ओलावा, चालणे-फिरणे, अंथरुणात हालचाल, आहार आणि घर्षण अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे असतात. एकूण गुण ६ ते २३ येतात आणि १८ किंवा त्याहून कमी आले तर धोका. याला काही मिनिटे पुरतात. तीसपैकी पाच-सहा रुग्णच धोक्यातले निघाले, तर वेळ कुठे द्यायचा हे ठरते.

दुसरी, चार्ज टेबलाशी न देता खाटेजवळ देणे आणि प्रत्येक खाटेजवळ औषधांखेरीज एक प्रश्न विचारणे : "या रुग्णाची आज अडचण काय?" लाली दिसली होती, हे वाक्य तिथे निसटणे कठीण.

तिसरी, फॉर्म मराठीत आणि एका पानाचा असणे. 'लाजेमुळे पाणी कमी पितात' ही नोंद कुठल्याही इंग्रजी साच्याइतकीच शास्त्रीय आहे.

चौथी गोष्ट आपल्याकडच्या रुग्णालयांची ताकद आहे. आपल्या रुग्णाजवळ कोणीतरी घरचे माणूस असते. एका वॉर्डात आम्ही पाहिले, की इन्चार्ज सिस्टरांनी पुठ्ठ्यावर घड्याळ काढून खाटेला टांगले होते : आठ वाजता उजवी कूस, दहाला पाठ, बाराला डावी. रुग्णाच्या सुनेला त्यांनी एकदा करून दाखवले, एकदा करवून घेतले. दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या त्या थेट त्वचा तपासायला. अंमलबजावणीत घरच्यांची मदत झाली. निदान आणि मूल्यमापन सिस्टरांकडेच राहिले. मात्र याचा अर्थ घरच्यांवर सगळे ढकलणे असा होऊ नये. ज्याचे कोणी नाही अशा रुग्णाचे घड्याळ सिस्टरांनाच फिरवावे लागते.

वर्गात करून पाहा

हा विषय वर्गात न्यायला दोन साधे प्रयोग पुरतात.

पहिला : मुलांच्या जोड्या करा. एकाने दुसऱ्याचे श्वास १५ सेकंद मोजून चाराने गुणावे. मग पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन्ही आकडे फळ्यावर लिहा. १५ सेकंदांच्या पद्धतीत उत्तर नेहमी चाराच्या पटीत येते आणि एका श्वासाची चूक चार होऊन बसते, हे मुलांच्या लक्षात येईल. २० आणि २४ यांच्या मधोमधच धोक्याची रेषा आहे, हेही सांगा. मग कोणाचा श्वास न सांगता मोजून पाहायला सांगा आणि आकडा बदलतो का ते तपासा.

दुसरा : अंगठ्याने हाताची त्वचा पाच सेकंद दाबून सोडा. जागा क्षणभर फिकी होते आणि पुन्हा पूर्ववत होते, कारण दाबलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्त परत येते. केशवाहिनीतला दाब साधारण ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका मानतात. हाडाच्या उंचवट्यावर शरीराचा भार तासन्‌तास पडून राहिला, की रक्तपुरवठा अडतो आणि पेशी मरू लागतात. दाबल्यावरही फिकी न होणारी लाली ही शय्याव्रणाची पहिली पायरी आहे. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे हाताला लागणारी ऊब आणि टणकपणा यांवरून ओळखावे लागते. आपल्याकडच्या सिस्टरांना म्हणूनच डोळ्यांबरोबर बोटांनीही पाहावे लागते.

आमच्या आत्यांची जखम भरायला अडीच महिने लागले. तेवढे दिवस घरी रोज ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टर एका छोट्या वहीत जखमेची लांबी-रुंदी, रंग आणि आत्यांचे जेवण लिहीत. तीन आठवड्यांनी जखम लहान होईना, तेव्हा त्यांनीच वही पाहून जेवणातली डाळ आणि अंडी वाढवायला सांगितली आणि डॉक्टरांना ती वही दाखवली. डॉक्टरांनी ती पानापानाने वाचली. तीच सिस्टर रुग्णालयातही काम करीत होत्या; तिथे अशी वही ठेवता येते का, असे आम्ही विचारले. त्या हसून म्हणाल्या, "इथे मला एकच पेशंट आहे ना!"

वर्गातली एखादी मुलगी नर्स व्हायचे म्हणाली, तर तिला सेवाभावाबद्दल चार शब्द जरूर सांगावेत. त्याबरोबर तिचे निरीक्षण, तिचे मोजमाप आणि तिचे मराठी लिखाण पक्के करून घ्यावे. आणि आपण स्वतः कधी रुग्णाजवळ बसलो, तर सिस्टरांना सलाईन कधी संपेल एवढेच न विचारता, "आज तुम्हाला काय दिसलं?" असेही विचारावे.